जागं राहण्याची प्रॅक्टिस

"मॅडम, तुम्हीच सांगा तिला, जाता येणार नाही म्हणून. आमचं ऐकत नाही ती. तुमचं ऐकेल."

सुजाता मेश्राम माझ्या टेबलासमोर बसून खालच्या आवाजात बोलत होत्या. मुलीला त्यांनी बाहेर वजनकाट्यापाशी थांबवलं होतं. संध्याकाळची ओपीडी होती. गणपती नुकतेच गेले होते आणि बाहेरच्या बाकांवर निम्मी खडकी बसून खोकत होती. मी मुलांची डॉक्टर आहे. गणपतीनंतरचे दिवस आमच्या धंद्यात मान वर करू देत नाहीत. मी म्हटलं, "कुठे जाता येणार नाही?"

"खो-खोच्या टीमबरोबर. दिवाळीनंतर सोलापूरला स्पर्धा आहे. तीन रात्री राहायचंय. एका हॉलमध्ये सगळ्या मुली, खाली गाद्या टाकून."

"मग जाऊ दे की. तब्येत ठणठणीत आहे तिची."

सुजाताताईंनी एकदा दाराकडे बघितलं. "अजून अंथरूण ओलं करते ती. आठवड्यातून चार-पाचदा तरी."

समीक्षा तेव्हा सहावीत होती. (नावं अर्थातच बदलली आहेत.) तिला पहिली लस मी टोचली होती. तिचे कान फुटले, कांजिण्या आल्या, हात मोडला, ते सगळं याच टेबलावर झालं. ही गोष्ट मात्र कधी टेबलावर आली नाही. यात नवल काही नाही. नाकातून दोन थेंब आले तरी मला फोटो पाठवणारे आईबाप अंथरुणाचं नाव काढत नाहीत. ते गुपचूप गादीवर प्लास्टिक घालतात आणि मूल मोठं व्हायची वाट बघतात.

"म्हणजे मी तिला नेमकं काय सांगायचं?"

"काहीही सांगा. हृदयात काहीतरी आहे म्हणा. पळायचं नाही म्हणा."

"धडधाकट मुलीला हृदयाचा आजार लावू मी?"

सुजाताताईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पतसंस्थेतली नोकरी, घर, आणि रोज पहाटे चादरी. दमलेली माणसं असले उपाय शोधतात. मी ओळखते, कारण त्या वेळी मीही दमलेलीच होते, आणि क्षणभर वाटलं, यांना एक गोळी लिहून द्यावी, पुढचा पेशंट घ्यावा. पण मुलगी बाहेर उभी होती. मी तिला आत बोलावलं.

समीक्षा आत आली ती जमिनीकडे बघत. उंच, काटक, गुडघ्यांवर जुन्या जखमांच्या खपल्या. खो-खो खेळणाऱ्या मुलींचे गुडघे असेच असतात. आईने काय सांगितलं असणार हे तिला कळलं होतं.

मी आडवळण घेतलं नाही. "तुला झोपेत शू होते, असं मम्मी म्हणते. तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना होते. माझ्याकडे अशी मुलं सतत असतात."

"माझ्या शाळेतली आहेत?"

"ते मी तुला सांगणार नाही. तुझंही कोणाला सांगणार नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला सोलापूरला जायचंय. मी तिथे झोपणारच नाही. मी प्रॅक्टिस केलीय."

"कसली?"

"जागं राहायची. शनिवारी रात्री केली. डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसले होते. दूधवाला येईपर्यंत जागी होते."

"मग?"

"मग झोप लागली. आणि झालं."

सुजाताताईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. अकरा वर्षांची मुलगी तीन रात्री जागी राहून दिवसा खो-खोच्या मॅच खेळायचं ठरवून बसली होती. मी मंगलला, म्हणजे माझ्या असिस्टंटला, सांगितलं की बाहेरच्यांना थोडं थांबव. बाहेरून कुरकुर ऐकू आली. येऊ दे म्हटलं.

अशा मुलांच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, हे जन्मापासून आहे की मधे काही महिने थांबून पुन्हा सुरू झालं? थांबून सुरू झालं असेल तर आम्ही सावध होतो. साखर, लघवीचं इन्फेक्शन, किंवा घरात, शाळेत काहीतरी बिनसलेलं. समीक्षाचं कधी थांबलंच नव्हतं. म्हणजे झोप गाढ, आणि लघवीची पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. हा आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. काही मुलांचं हे काम उशिरा पूर्ण होतं, एवढंच.

दुसरा प्रश्न पाण्याचा.

"शाळेत पाणी किती पितेस?"

"नाही पीत."

"बाटली भरलेलीच परत येते," आई म्हणाली.

"का गं?"

समीक्षा म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाहीये. एकीने दार धरून उभं राहायचं असतं. मुद्दाम सोडतात कधीकधी."

म्हणून ती सकाळी घरी लघवीला जायची ती थेट दुपारी घरी आल्यावरच. दिवसभर कोरडी. संध्याकाळी मैदानावरून आली की तहानेने कासावीस होऊन घटाघटा पाणी प्यायची. ते पाणी रात्री बाहेर येणारच. त्याला दुसरी वेळच ठेवलेली नव्हती.

"आणि संडास? रोज होते?"

"हो, रोज," आई म्हणाली.

"रोज नाही," समीक्षा म्हणाली.

मी तिला टेबलावर झोपवलं. पोटाच्या डाव्या बाजूला हाताला घट्ट मळाचे खडे लागले. पाठीचा कणा तपासला, पायांची ताकद बघितली, लघवीची तपासणी लिहून दिली. ती पुढे नॉर्मल आली. पण पोट तुंबलेलं होतं. शाळेत लघवीला न जाणारी मुलगी दुसऱ्या गोष्टीला कुठून जाणार? आतडं आणि लघवीची पिशवी शेजारी शेजारी असतात. आतडं फुगलं की पिशवीला जागा उरत नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत सामान भरून ठेवलं तर माणसं कुठे झोपतील, असं मी सांगितलं. हे सुजाताताईंना लगेच पटलं.

पोट साफ ठेवायचं औषध दिलं. सकाळपासून थोडं थोडं पाणी, संध्याकाळी कमी. दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, लागो न लागो. झोपायच्या आधी एकदा. आणि शाळेत कडीचं बोलायचं.

"आणि सोलापूर?" समीक्षाने विचारलं.

"बघू."

हा डॉक्टरांचा आवडता शब्द आहे. त्याचा अर्थ मलाही माहीत नसतो.

पुढच्या वेळी वडील आले. प्रशांत मेश्राम, इथल्याच फॅक्टरीत फिटर. मूळचे भंडाऱ्याकडचे. खुर्चीत बसले ते हातांची घडी घालूनच.

"मी काय म्हणतो मॅडम, ही जाणूनबुजून करून राहिली."

"झोपेत कोणी जाणूनबुजून काही करत नाही."

"सकाळी प्रॅक्टिसला बरोबर उठते. हाक मारावी लागत नाही."

"पहाटे झोप हलकी असते. मध्यरात्री उठवून बघा."

"उठवतो ना. बाथरूममध्ये नेतो. डोळे मिटून उभी राहते."

"मग ती झोपलेलीच आहे. तुम्ही झोपलेल्या मुलीला चालवत नेता."

घरात नियम होता की दिवेलागणीनंतर पाणी बंद. आणि गादी ओली झाली तर ती समीक्षानेच उचलून गच्चीवर न्यायची. जिन्यावर त्या वेळी पहिल्या शिफ्टची माणसं उतरत असायची. सगळी ओळखीची.

"मी म्हटलं, लाज वाटली की थांबेल."

"थांबलं?"

"नाही."

"कधीपासून करताय हे?"

ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "लहानपणी तुमच्या दोघांच्या घरात कोणाला होतं का असं? हे बऱ्याचदा घराण्यात असतं."

"नाही जी. आमच्याकडे कोणालाच नाही."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. गादी गच्चीवर न्यायचं मात्र त्या दिवसापासून बंद करा, असं सांगितलं. चादर बदलायला तिने मदत करावी, पण ती शिक्षा म्हणून नाही, आणि चारचौघांत नाही. ते 'बरं' म्हणाले. पटल्यासारखं दिसलं नाही.

आठवड्याभराने ते एकटेच आले. दुपारी, ओपीडी संपता संपता. म्हणाले, "मॅडम, जरा बीपी बघता का माझं?"

"अहो मेश्राम, मी मुलांची डॉक्टर आहे."

"बघा ना एकदा."

मी पट्टा गुंडाळायला गेले. तो मुलांचा पट्टा, त्यांच्या दंडाला पुरेना. चिकटवला की सुटायचा. दोनदा सुटल्यावर मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "बोला."

त्यांनी शर्टाची बाही खाली केली. "मला होतं ते. नववीपर्यंत."

तालुक्याच्या गावी मुलांच्या होस्टेलला होते. तिथे पोरांना कळलं. पोरांनी नाव पाडलं. ते नाव त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जेवायच्या पंगतीत शेजारी कोणी बसेना. एका सकाळी ते ट्रंक तिथेच टाकून चालत गावी परत आले. वर्ष बुडालं. मुलगा अभ्यासाला घाबरून पळाला, असं गावाने धरलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. बायकोलाही हेच सांगितलेलं.

"तेव्हा माझ्याशी कोणी कडक वागलं असतं तर लवकर सुटलं असतं, असं वाटायचं. म्हणून हिला..." ते थांबले. "आणि ते हृदयाचं माझंच डोकं होतं मॅडम. सुजाताला मीच पाठवलं होतं. तिथे हॉलमध्ये तिचं असं काही झालं तर?"

"तुमचं सुटलं ते कशाने?"

"आपोआपच."

"मग?"

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "हे मला सांगून उपयोग नाही. मुलीला सांगा."

"बाप असून कसं सांगू?"

जेवायची वेळ टळून गेली होती. मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांनी सांगितलं. मैदानावरून स्कूटरवर घरी आणताना. मला हे समीक्षाकडून कळलं, पुढच्या तपासणीला. मला वाटलं होतं, मुलीला हायसं वाटेल. असं आम्हा डॉक्टरांना वाटत असतं.

"पप्पांनी सांगितलं मला. त्यांचंपण असंच होतं."

"मग?"

"मला राग आला. त्यांना माहीत होतं कसं वाटतं. तरी मला गादी घेऊन पाठवायचे."

ती त्यांच्याशी बोलत नव्हती. सुजाताताई मधे निरोप पोचवत होत्या. प्रशांत मेश्राम बाहेर स्कूटरवर बसून होते, आत आलेच नाहीत. जाताना मी दारात गेले तर म्हणाले, "तुमचं ऐकलं आणि पोरगी बोलायची बंद झाली. आता काय करू?"

"काही करू नका. तिचं बरोबर आहे."

"मला वाटलंच होतं, तुम्ही असंच काहीतरी सांगाल."

तिकडे शाळेत कड्यांसाठी अर्ज द्यायला मी सुजाताताईंना सांगितलं होतं. अर्ज दिला. तो पुढे पाठवला गेला. पुढे म्हणजे कुठे, ते कळलं नाही. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर प्रशांत मेश्राम ड्रिल मशीन घेऊन गेले, शिपायाला सोबत घेतलं आणि मुलींच्या बाथरूमच्या सगळ्या दारांना आतून कड्या बसवल्या. मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोणाची परवानगी? ते म्हणाले, काढून टाकू का? मुख्याध्यापिका ऑफिसमध्ये निघून गेल्या. सोमवारी समीक्षा घरी येऊन त्यांना एवढंच म्हणाली की तिसरी कडी घट्ट बसते. त्यांनी जाऊन ती सैल केली. बोलणं तिथून सुरू झालं.

पोट साफ राहायला लागल्यावर ओल्या रात्री कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग अलार्म आणला. ही एक छोटी डबी असते, मुलाच्या कपड्याला लावायची. पहिला थेंब पडला की ती जोरात वाजते. वाजल्यावर मूल उठतं, आणि काही आठवड्यांनी मेंदू अलार्मच्या आधीच उठायला शिकतो. पुस्तकात असं आहे. मेश्रामांच्या घरी पहिले कित्येक दिवस अलार्मने आई उठली, वडील उठले, वरच्या मजल्यावरचे उठले. समीक्षा उठली नाही.

"मॅडम, हे यंत्र तिच्यासाठी आहे का माझ्यासाठी?" सुजाताताईंनी विचारलं. त्या माझ्यासमोर बसल्या बसल्या जांभया देत होत्या.

"सुरुवातीला तुमच्यासाठी. तुम्ही तिला पूर्ण जागं करायचं. तिने स्वतःच्या हाताने अलार्म बंद केला पाहिजे."

"रोज?"

"रोज."

"बाकीच्यांना गोळ्या देता ना तुम्ही? त्याच द्या."

गोळी असते. तिने रात्री लघवी कमी तयार होते. पण ती बंद केली की बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं. चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर ती कामाला येते. ती घेतली की सकाळपर्यंत पाणी जवळजवळ बंद, नाहीतर रक्तातलं मीठ घसरून मूल आजारी पडतं. हे सगळं मी त्यांना समजावलं. असं समजावणं मी इतक्या जणांपुढे केलं आहे की मधेच मला माझाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटतो. सुजाताताईंनी ऐकून घेतलं आणि अलार्म पर्समध्ये टाकून निघून गेल्या. बसमध्ये झोप लागून त्या एकदा थेट डेपोपर्यंत गेल्या, असं नंतर कळलं. त्यांनी नेटाने केलं. नंतर केव्हातरी प्रशांत मेश्राम एक रात्र आड स्वतः उठायला लागले.

दिवाळीच्या आसपास समीक्षा अलार्मला उठायला लागली. आठवड्यातून एक-दोन रात्री ओल्या, बाकी कोरड्या. मी म्हटलं, सोलापूरला जा. गोळी आधी घरी देऊन बघितली, नीट लागू पडली. सामन्याच्या दिवशी पाणी सकाळी आणि दुपारी भरपूर प्यायचं, रात्रीवर ठेवायचं नाही, हे तिच्याकडून वदवून घेतलं.

एक गोष्ट राहिली होती. "तिथे एका तरी मोठ्या माणसाला माहीत असायला हवं."

"नाही," समीक्षा म्हणाली.

"रात्री उलटी झाली, ताप आला, तर गोळी द्यायची नाही हे कोण बघणार?"

"मी बघेन."

"तू अकरा वर्षांची आहेस."

"मम्मी शिर्के मॅडमना सांगणार. मग त्या सगळ्या टीचरना सांगणार."

शिर्के मॅडम तिच्या कोच. मी म्हटलं, "मम्मी नाही सांगणार. मीही नाही. कोणाला सांगायचं आणि काय सांगायचं, ते तू ठरव. पण कोणीतरी पाहिजे, नाहीतर मी गोळी देणार नाही."

ती चिडून निघून गेली. दोन दिवसांनी आईचा फोन आला. समीक्षाने मैदानावर, रेषा आखायला दोघी खांबाला दोरी बांधत असताना, शिर्के मॅडमना स्वतःच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं. दाराजवळची गादी घे. गोळी माझ्याकडे दे." आणि पुन्हा दोरी ओढायला लागल्या. शिर्के मॅडमना मी आजवर भेटलेले नाही. भेटायची इच्छा आहे.

टीम सोलापूरला गेली. त्या दिवसांत मला समीक्षाची आठवण झाली असं म्हणणं खोटं ठरेल. डेंग्यूचे पेशंट होते, आणि दोन मुलं ॲडमिट होती. आठवण झाली ती थेट ती दारात दिसली तेव्हा. ठरल्यापेक्षा आधी परत आली होती. डोळे रडून सुजलेले. मला वाटलं, झालं. मी हातातलं काम टाकून तिला आत घेतलं.

"काय झालं गं?"

"हरलो."

"हरलो?"

"दुसऱ्याच मॅचला. एका गुणाने. माझी तिघींची बॅच चांगली टिकली होती. मी तर आउटच झाले नव्हते. पण नंतर आमच्या आक्रमणात फाऊल झाले, सलग." तिला पुन्हा रडू आलं. खो मिळायच्या आधीच उठलेल्या एका मुलीबद्दल ती बराच वेळ बोलत राहिली. तिला टीममध्ये घ्यायलाच नको होतं, वगैरे. मी ऐकून घेतलं.

"आणि रात्री?"

"रात्री काय?"

"झोपलीस ना?"

"हो." मग तिच्या लक्षात आलं. "ते होय. दुसऱ्या रात्री झालं थोडंसं. शिर्के मॅडमनी पहाटे चादर बदलून दिली. कोणाला कळलं नाही. एकीला कळलं बहुतेक, पण ती काही बोलली नाही." आणि लगेच, "पण तो तिसरा फाऊल नव्हताच, डॉक्टर मॅडम. अंपायरने चुकीचा दिला."

सुजाताताई मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मंगलने आत डोकावून विचारलं, पुढचा पेशंट पाठवू का?

समीक्षाचं पूर्ण थांबायला त्यानंतर बरेच महिने गेले. मधे परीक्षेच्या वेळी पुन्हा वाढलं, अलार्म पुन्हा लावावा लागला, सुजाताताई पुन्हा माझ्यासमोर बसून जांभया देऊन गेल्या. ती आता आठवीत आहे आणि खो-खोच्याच टीममध्ये आहे. माझ्याकडे येते ती गुडघे फोडून घेतल्यावर. तेही आता स्वतःच धुते, फक्त इंजेक्शन लागेल का विचारायला येते.

तुमच्या घरी असं मूल असेल तर आधी त्याचं पोट साफ होतं का बघा, शाळेत पाणी पितं का बघा, आणि डॉक्टरकडे जा. हृदयाचा आजार मागू नका. ओरडून वाळलेली गादी मी इतक्या वर्षांत एकही पाहिलेली नाही.